मांडीखालचे हात

गेल्या सीझनची शेवटची मोठी मॅच बघायला आम्ही अमेरिकेतल्या आमच्या गावात, फ्रिस्कोतच, एका ओळखीच्यांकडे जमलो होतो. यजमान पुण्याचे, बाकी कुणी नागपूरचे, कुणी मुंबईचे, सगळे कॉम्प्युटरवाले. साताऱ्याकडचा, नववीत शाळा सुटलेला मी एकटा. माझी बायको सुनीता इथल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. तिच्या नोकरीवर आम्ही आलो. त्यामुळे अशा घरांतून माझी ओळख "सुनीताताईंचे मिस्टर" अशी करून देतात, आणि ती बरोबरच आहे.

हा इकडचा फुटबॉल. नाव पायाचं, खेळ हाताचा. एकानं चेंडू छातीशी धरून पळायचं, दुसऱ्यांनी त्याला आडवा करायचा. त्या दिवशी एक जण असाच पळत होता, आणि बाजूनं दुसऱ्यानं येऊन त्याला खांद्यानं असा उडवला की अख्खं घर ओरडलं.

"काय हिट मारला यार!"

"रिवाइंड कर, रिवाइंड कर!"

सगळे पडलेल्याकडे बघत होते. मी मारणाऱ्याकडे बघत होतो. तो उठला, दोन पावलं चुकीच्या बाजूला चालत गेला, आणि त्याच्याच संघातल्या एकानं त्याला दंडाला धरून हळूच वळवलं. एवढंच. टीव्हीवर ते क्षणभर दिसलं आणि जाहिरात लागली. मारणाऱ्याकडे बघायचं, हे मला मिस्टर लेलंडनी शिकवलं होतं.

"संपतदादा, तुम्ही म्हणे एका खऱ्या प्लेअरला ओळखायचात?" यजमानांनी विचारलं. "कसा होता हो माणूस?"

सगळे माझ्याकडे वळले. चार माणसांत बोलायचं मला जमत नाही. "चांगला होता," मी म्हणालो आणि समोशाचा मोठा घास घेतला.

परत येताना गाडीत सुनीता म्हणाली, "चांगला होता? एवढंच? रोज घरी येऊन तासतासभर कुणाबद्दल बोलायचात मग?"

म्हणून हे लिहितोय.

मी इथं व्हॅन चालवतो. ज्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना स्वतः गाडी चालवता येत नाही त्यांना दवाखान्यात न्यायचं, बाहेर थांबायचं, परत घरी सोडायचं. लहानशी कंपनी आहे. गावाकडं मी उंब्रज ते पाटण वडाप करायचो. वडाप म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप. सीट भरल्याशिवाय निघायचं नाही आणि भरल्यावरही दोघांना लटकवायचं. तिथून इथल्या गुळगुळीत रस्त्यावर आलो तरी धाकधूक गेली नाही. चुकीचा सिग्नल, चुकीचा शब्द, चुकीचं वळण, आणि नोकरी गेली, असं रोज सकाळी वाटायचं.

पहिल्यांदा ऑफिसनं सांगितलं, "मिस्टर लेलंडना आणायचंय," तेव्हा मला हसू आलं. आमच्याकडे लेलंड म्हणजे ट्रक. दार उघडून माणूस बाहेर आला आणि हसू गेलं. नाव अगदी बरोबर ठेवलं होतं. साठी ओलांडलेली, पण दार पूर्ण भरून गेलं. मान अशी नव्हतीच. डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं. डोळ्यांवर काळा चष्मा, कारण उन्हानं त्यांचं डोकं ठणकायचं. उजव्या हाताची करंगळी अशी वाकडी, की जणू तिला दुसरीकडेच कुठं जायचंय.

ते मधल्या सीटवर बसले आणि दोन्ही हात त्यांनी स्वतःच्या मांड्यांखाली घातले. तळवे खाली, वर शरीराचं सगळं वजन. शाळेत मास्तर मारतील म्हणून पोरं बसतात तसे. मला वाटलं, थंडी वाजत असेल. मी एसी कमी केला.

निघालो. पहिल्याच वळणावर सवयीनं माझा हॉर्न वाजला. वडापवाल्याचा हात वळण दिसलं की आपोआप हॉर्नवर जातो, त्याला तो तरी काय करणार! मागून असा आवाज आला की मला वाटलं, टायर फुटलं. मिस्टर लेलंडनी माझ्या सीटच्या पाठीवर बुक्की मारली होती. मग बराच वेळ त्यांचा श्वास ऐकू येत होता. दवाखान्याशी उतरताना ते माझ्या खिडकीपाशी आले. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं होतं.

"मायनस," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर मी दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटवून ठेवले. हॉर्न नाही, रेडिओ नाही. घराशी उतरताना ते पुन्हा खिडकीशी आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात पोतं ठेवावं तसा बसला.

"प्लस."

शाळा सुटल्यापासून मला कुणी मार्क दिले नव्हते.

मार्कांची भानगड मला पुढं कळली. त्यांच्या दिवसांत रविवारी मॅच व्हायची आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या संघाला अंधाऱ्या खोलीत बसवून मॅचची फिल्म दाखवायचे. एकेक डाव थांबवून कोच प्रत्येकाला मार्क द्यायचा, प्लस नाहीतर मायनस. मधलं काही नाही. मायनस जास्त झाले की लॉकरवरचं नाव निघायचं, म्हणजे संघातून सुट्टी. "फिल्म कुणाची बाजू घेत नाही, सॅम," ते म्हणायचे. संपतचा सॅम त्यांनी पहिल्याच आठवड्यात केला होता.

खेळ सोडून जन्म लोटला, पण मार्क द्यायची खोड काही सुटली नव्हती. दवाखान्याची कॉफी, मायनस. शेजाऱ्यानं कापलेलं गवत, मायनस. दवाखान्याबाहेर थांबलो असताना एकदा मी डबा उघडला होता. चपाती आणि शेंगदाण्याची चटणी. ते लवकर बाहेर आले आणि वास घेत उभे राहिले. मी अर्धी चपाती पुढं केली. त्या वाकड्या बोटांनी त्यांनी ती गुंडाळली, खाल्ली, आणि चटणीनं डोळ्यांत पाणी आलं तरी चेहरा हलू दिला नाही.

"कुणी केलं?"

"बायकोनं."

"तिला सांग, डबल प्लस. असला मार्क अस्तित्वात नाही, तरी सांग."

सुनीता त्यांना लेलंडराव म्हणायची. "आज काय म्हणाले तुमचे लेलंडराव?" म्हणत ती चहा ठेवायची, आणि मी सांगायचो.

त्यांची जागा मैदानात सगळ्यात मागची. पुढच्या सगळ्यांना चुकवून जो निसटेल, त्याला अडवणारा हा शेवटचा माणूस. लांबून पळत यायचं आणि खांदा, डोकं, जे काही आहे ते घालून थांबवायचं. लोकांनी त्यांचं नाव फाटक ठेवलं होतं. हजारो माणसं एका सुरात ओरडायची, "फाटक लावा!" आणि हे पळत सुटायचे. हे त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. पेट्रोल पंपावर एका माणसानं सांगितलं.

मी व्हॅनमध्ये पेट्रोल भरत होतो, ते पाय मोकळे करायला उतरले होते. एक पोट सुटलेला माणूस पलीकडच्या गाडीतून अक्षरशः पळत आला. "तुम्ही फाटक ना? देवा! माझे वडील आणि मी..." त्यानं फोन काढला आणि त्यांना त्यांचाच एक जुना हिट दाखवायला लागला. पिवळट रंगाची फिल्म होती. एक सडपातळ खेळाडू उडी मारून चेंडू झेलतोय, आणि त्याचे पाय जमिनीला लागायच्या आत फाटक येऊन आदळतंय. तो माणूस तिथंच, पंपावर, खांद्याची ॲक्शन करून दाखवत होता. मिस्टर लेलंडनी शेवटपर्यंत पाहिलं, त्याच्या टोपीवर सही दिली, वडिलांना नमस्कार सांगितला.

गाडीत बसल्यावर हात मांडीखाली गेले.

"तो पोरगा उठला आणि मला विचारायला लागला, आपण कुठल्या गावात आहोत," ते म्हणाले. "मी म्हणालो, मला काय माहीत, दुसऱ्या कुणाला तरी विचार."

मी हसलो. त्यांनाही हसू आलं. मग ते म्हणाले, "सगळे पडलेल्याकडे बघतात, मारणाऱ्याकडे कुणी बघत नाही. त्यापुढचा सगळा वेळ मी खेळलो. लोक म्हणतात, माझा सगळ्यात चांगला खेळ तो. दुसऱ्या दिवशी मी तो फिल्मवर पाहिला. पहिल्यांदाच पाहत होतो, सॅम. एकही डाव आठवत नव्हता. सगळे प्लस होते."

मी विचारलं, डॉक्टर नव्हते का?

होते की! आमच्याकडे फिट आलेल्याला कांदा हुंगवतात तसं ते काहीतरी उग्र नाकाशी धरायचे आणि ठरलेले प्रश्न विचारायचे. गाव कुठलं, वार कोणता, समोर संघ कुणाचा. उत्तरं बरोबर आली की पुन्हा मैदानात. म्हणून मिस्टर लेलंड मॅचच्या आधीच मनगटाच्या पांढऱ्या पट्टीवर ती उत्तरं लिहून ठेवायचे. डॉक्टर विचारायचा आणि हे घाम पुसल्यासारखं करून मनगटाकडे बघायचे.

"कॉपी!" माझ्या तोंडून मराठीच निघालं.

"काय?"

मी समजावलं. आमच्या गावच्या केंद्रावर दहावीच्या परीक्षेला पोरांचे काका-मामा खिडकीतून चिठ्ठ्या टाकायचे, तेही सांगितलं. ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले. "मी एकदाही नापास झालो नाही," ते म्हणाले. "एकदाही नाही!"

आता मला त्या हसण्याची भीती वाटते.

त्यांच्या रागाबद्दल सांगायला हवं. तो पावसासारखा ढग दाखवून यायचा नाही. एकदा हायवेवर काम चाललं होतं म्हणून मी दुसऱ्या रस्त्यानं वळलो, तर मागून आरडाओरडा सुरू झाला. कुणा रॉनीला शिव्या देत होते, आणि तो रॉनी म्हणजे मी होतो. दार उघडायचा प्रयत्न करत होते, गाडी चालू असताना. मी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "का थांबलोय आपण?"

त्याच सुमारास दुसऱ्या एका गिऱ्हाइकानं माझ्या इंग्रजीची तक्रार केली होती. ऑफिसनं मला बोलावलं. मी कपडे इस्त्री करून गेलो, सुनीतानं देवापुढं दिवा लावला. तिथं कळलं, मिस्टर लेलंडनी स्वतः फोन केला होता. सॅमला काढलंत तर मला व्हॅन नको, मी दवाखान्यात चालत जाईन आणि वाटेत मेलो तर तुमचं नाव सांगेन. एवढंच बोलून फोन ठेवून दिला होता. मी आभार मानायला गेलो, तर त्यांना फोन केलेला आठवत नव्हता. "मी असं म्हणालो? चांगलं म्हणालो!"

त्यांची बायको मिस डोना. इकडं आदरानं बोलायचं तर पहिल्या नावाआधीच मिस्टर नाहीतर मिस लावतात, लग्न झालेलं असलं तरी. बारीक चणीची, हळू बोलणारी. नवऱ्याच्या बाजूनं चालताना ती नेहमी अर्धं पाऊल मागं असायची, आणि ते मानानं नव्हतं, सवयीनं होतं. एकदा ती एकटीच व्हॅनपाशी आली, आणि मला हातांबद्दल तिनं सांगितलं.

आदल्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाला त्यांची एकुलती एक लेक रेचल नवऱ्याला आणि लहान मुलीला घेऊन आली होती. जेवताना नातीच्या हातून ग्लास सांडला. मिस्टर लेलंडनी समोरचं मोठं काचेचं भांडं उचललं आणि भिंतीवर फेकलं. ते नातीच्या डोक्याच्या बाजूनं गेलं. कुणाला लागलं नाही. पोर रडलीसुद्धा नाही. ती टेबलाखाली गेली आणि तिथून आजोबांच्या हातांकडे बघत राहिली. त्या दिवसापासून कुणासमोरही बसले की ते हात खाली दाबून ठेवतात.

रेचल त्याच दुपारी निघून गेली. जाताना म्हणाली, "डॅड, डोक्याची तपासणी करून घ्या. मला एकदा कळू दे, मी लहानपणापासून कुणाला घाबरत होते. तुम्हाला, की तुमच्या आजाराला. आजार असेल तर मी परत येईन. नसेल तर नाही."

आम्ही जात होतो ते दवाखाने त्या तपासणीचे होते. मला तोवर माहीत नव्हतं.

तपासणीत काय असतं ते मला सुनीतानं सांगितलं. डॉक्टर पाच शब्द सांगतात, थोड्या वेळानं परत विचारतात. घड्याळ काढायला लावतात. शंभरातून सात वजा करत उलटं जायला सांगतात. फॅमिली डॉक्टरांकडे मिस्टर लेलंडचे दोन शब्द चुकले होते आणि ते भयंकर चिडले होते. मग जुन्या संघातल्या एकाचा फोन आला. यांची पुढची तपासणी ज्या मोठ्या डॉक्टरांकडे होती, त्यांच्याकडेच तोही जाऊन आलेला. त्यानं त्यांना शब्द सांगून टाकले. आपल्याकडे पेपर फुटतो, तसा इकडं हा पेपर फुटला होता.

"विचार मला, सॅम," ते म्हणायचे, आणि मी विचारायचो. लिंबू, पूल, शिट्टी, गालिचा, तांबडा. रोज जाता-येता. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी... माझं गणित असं, की त्यापायी शाळा सुटली; पण ती वजाबाकी त्यांच्याबरोबर मलाही पाठ झाली. मला वाटायचं, म्हातारा माणूस मेहनत करतोय, बरं होण्यासाठी करतोय.

मोठ्या तपासणीच्या दिवशी ते बाहेर आले ते छाती पुढं काढून. पार्किंगमधूनच ओरडले, "प्लस! सगळे प्लस!" मिस डोना मागून येत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. गाडीत बसल्याबसल्या त्यांनी लेकीला फोन लावला, स्पीकरवर.

"रेचल, पास झालो! वयाच्या मानानं उत्तम म्हणाला डॉक्टर. डोकं ठणठणीत आहे!"

मला वाटलं, फोन कटला.

"म्हणजे ते सगळं तुम्हीच होतात, डॅड," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "ठीक आहे. कळलं." आणि तिनं फोन ठेवला.

मी गाडी सुरू करू की नको, कळेना. आरशात बघायचं धाडस होईना. शेवटी मिस डोना म्हणाली, "चल, सॅम." घराशी उतरताना मिस्टर लेलंडनी मार्क दिले नाहीत.

पुढचे काही आठवडे त्यांनी व्हॅन मागवली नाही. मग एके दिवशी मागवली, साध्या गुडघेदुखीसाठी. मिस डोना बरोबर होती. अर्ध्या वाटेत ते अचानक म्हणाले, "डोना, मला शब्द आधीच माहीत होते."

"मला माहितीये," ती म्हणाली. "तू झोपेत म्हणत होतास."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला जिंकायचं होतं, लेलंड. तू जिंकत असताना मी कधी मध्ये बोललेय?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. "तिला सांग," ते म्हणाले. "सांग की बापानं कॉपी केली." कॉपी हा शब्द त्यांनी माझ्यासारखाच उच्चारला. मी मान खाली घातली.

रेचल स्वतः आली. उंच, बापाचेच खांदे. डॉक्टरांना तिनं सगळं सांगितलं. ते म्हणाले, शब्द बदलू, प्रश्न बदलू, पुन्हा बसवू. त्या सकाळी ती तिच्या भाड्याच्या गाडीतून परस्पर दवाखान्यात जाणार होती; बापाशेजारी बसायला अजून तयार नव्हती. मिस डोना तिच्याबरोबर गेली. व्हॅनमध्ये आम्ही दोघंच.

मी आरशात पाहिलं, तर त्यांचे ओठ हलत होते. लिंबू, पूल, शिट्टी.

"थांबतच नाहीये, सॅम," ते म्हणाले. चष्म्याखालून गालावर घाम आला होता. "काल रात्रीपासून प्रयत्न करतोय. हे एकदा चालू झालं की बंद होत नाही. तिथं गेलो की मी पुन्हा जिंकायला बघणार. मला माहितीये ना मी कसा आहे ते! तू बोल. काहीही बोल. हे बाहेर काढ माझ्या डोक्यातून."

मी काय बोलणार? इंग्रजी बोलायचं म्हटलं की आधी मनात वाक्य जुळवावं लागतं, ते जुळेपर्यंत सिग्नल सुटतो. पण माणूस तर हात मांडीखाली दाबून घाम गाळत बसलेला. मग जे न जुळवता येतं ते एकच मला आठवलं. मी काच खाली केली आणि उंब्रजच्या नाक्यावर उभा राहून ओरडायचो तसा ओरडलो.

"चला चरेगाव, मल्हारपेठ, नवारस्ता, पाटाण, पाटाण, पाटाण! बसा मावशी, सरका मामा, अजून दोन बसतील, पाटाण, पाटाण!"

शेजारच्या गाडीतल्या बाईनं घाबरून काच वर केली. मिस्टर लेलंड आधी दचकले. मग म्हणाले, "आणखी."

मी सगळा रस्ता सांगितला. कुठं वळण, कुठं चढ, कुठल्या थांब्यावर दुधाचे कॅन चढायचे. मल्हारपेठेला एका म्हातारीची कोंबडी कशी स्टिअरिंगखाली शिरली आणि अख्खी जीप कशी उतरून ती शोधत बसली. निम्मं मराठीत, निम्मं इंग्रजीत. इथं आल्यापासून मी एवढा सलग कुणाशीच बोललो नव्हतो. मध्ये मध्ये ते विचारायचे, "मग? आता कुठं?" आणि मी पुन्हा सुरू, पाटाण, पाटाण. दवाखान्याच्या दाराशी आलो तेव्हा माझा घसा बसला होता आणि त्यांचे ओठ थांबले होते.

उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पहिल्यांदाच तो हलका लागला.

फार वेळ लागला. रेचल आधी बाहेर आली. व्हॅनला टेकून उभी राहिली आणि मला म्हणाली, "तू सॅम ना? एक विचारू? डॉक्टरांनी पाच शब्द सांगितले. थोड्या वेळानं विचारले, तर डॅडना एक आठवला. दुसरा कोणता, तिसरा कोणता, ते फक्त बघत राहिले. आणि मग म्हणाले, पाटाण. डॉक्टरांनी तीनदा विचारलं, तीनदा तेच. काय आहे ते?"

"गाव आहे," मी म्हणालो. "माझी जीप तिथपर्यंत जायची."

ती हसली, आणि हसताहसता तिचा चेहरा रडवेला झाला. ती पाठ करून उभी राहिली. मी पाण्याची बाटली तिच्या जवळ बॉनेटवर ठेवली आणि लांब जाऊन उभा राहिलो.

डॉक्टर म्हणाले होते, लक्षणं स्पष्ट आहेत. वर्षानुवर्षं डोक्याला बसलेल्या धक्क्यांचाच हा आजार दिसतो. पण शंभर टक्के खात्री माणूस गेल्यावर, मेंदू उघडून बघितल्यावरच होते. मिस्टर लेलंडनी तिथंच सांगून टाकलं, उघडून बघा. परीक्षेला बसायचं आपण, आणि निकाल लागायचा तो आपण गेल्यावर, असली शाळा मी पाहिली नव्हती.

ते मिस डोनाचा हात धरून बाहेर आले. लेकीसमोर थांबले.

"मायनस," ते म्हणाले. "सगळे मायनस." आणि डोकं असं वर धरलं होतं की जणू मॅच जिंकून आलेत.

रेचलच्याही चित्रांना, तिच्या स्वयंपाकाला, तिच्या लग्नाच्या भाषणालासुद्धा हेच मार्क मिळाले असणार. आजार कुठं संपतो आणि बाप कुठं सुरू होतो, हे त्या डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं. ती म्हणाली, "आज मार्क नकोत, डॅड. आज नुसतं घरी जाऊ."

ती व्हॅनमध्ये बसली. बापाच्या शेजारी नाही; पलीकडच्या सीटवर, मध्ये एक जागा सोडून.

त्यानंतर वर्षभर मी त्यांना नेत-आणत होतो. आधी त्यांच्या आठवणीतून माझं नाव गेलं, मग रस्ता, मग दवाखान्यात कशाला जायचं ते. मार्क देणंही थांबलं. उतरताना मी खिडकीशी उगाच वाट बघायचो. मग घर विकायचं ठरलं. रेचलच्या गावी, तिच्याच घराजवळ दोघं राहणार होते. लांबचा रस्ता होता, कंपनीनं मला पाठवलं. वाटेत ते झोपून होते. मी हॉर्न वाजवला नाही.

पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. रेचलनं त्यांना ओसरीतल्या खुर्चीवर बसवलं. नात दाराच्या आत उभी होती, जाळीच्या पलीकडं, बाहेर येत नव्हती. मिस्टर लेलंडनी तिच्याकडे पाहिलं. ती कोण, हे त्यांना कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. पण तिला बघताच त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले. सगळं गेलं होतं, ते एवढं राहिलं होतं.

मी सामान आत नेलं. मिस डोनानं मला मिठी मारली, मला ते अवघडच जातं. मग मी खुर्चीपाशी गेलो आणि म्हणालो, "येतो, मिस्टर लेलंड." ते सभ्यपणे हसले, अनोळखी माणसाकडे बघून हसतात तसं.

व्हॅन मागं घेताना आरशात ओसरी दिसली. रेचल शेजारी खुर्ची ओढून बसली होती, आणि वाकून त्यांच्या मांडीखालून काहीतरी सोडवत होती, अडकलेली गाठ सोडवावी तसं. बराच वेळ लागला तिला. मग तो वाकड्या करंगळीचा उजवा हात वर आला आणि तिनं तो आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.

दुसरा त्यांनी खालीच ठेवला होता.